ओमा-ओपा टेक्सासला आले

शनिवार

आमच्या शेजारणीचे आईवडील आज दुपारी फ्रँकफुर्टच्या थेट विमानाने ऑस्टिनला उतरले. शेजारीण जर्मन. बारा वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आली आणि टेक्सासच्याच मुलाशी लग्न करून राहिली. आमची लेक तिला मावशी म्हणते, तिचा सहा वर्षांचा मुलगा मला मावशी म्हणतो, त्यामुळे दोन्ही घरांत कोण कुणाची मावशी हा हिशेब आता कुणी ठेवत नाही. मुलगा आजी-आजोबांना ओमा-ओपा म्हणतो, म्हणून आमच्याकडेही ते ओमा-ओपाच. तिचा नवरा कामासाठी ह्यूस्टनला गेलेला, तेव्हा सामानाला दुसरी गाडी हवी म्हणून मी विमानतळावर गेले.

ओमा-ओपांना इकडे यायला व्हिसा लागत नाही. नव्वद दिवसांच्या आतला मुक्काम असेल तर ऑनलाइन परवानगी काढली की झालं. माझ्या आईबाबांच्या वेळी मुंबईच्या वकिलातीतली मुलाखत, तिची तारीख, बँकेची कागदपत्रं, बाबांचं तीन-तीनदा फाइल लावणं, हे सगळं आठवून मला उगाच हेवा वाटला. फरक इतकाच की आमचे लोक एवढी यातायात करून आले की सहा महिने राहतात. हे दहा दिवसांत परत चालले, कारण ओपांना एप्रिलात बागेत बटाटे लावायचेत.

घरी आल्या आल्या बॅगा उघडल्या. हा कार्यक्रम मला तोंडपाठ आहे, फक्त माल वेगळा. आमच्याकडे भाजणी, मेतकूट, गोडा मसाला निघतो; इथे राय पिठाच्या दोन जडशीळ पावरोट्या, बेकिंग पावडरच्या आणि व्हॅनिला साखरेच्या पुड्या, कॉफी, आणि दोघांच्या घरात घालायच्या चपला. लिव्हरचं सॉसेज नाही, कारण मांस आणायला बंदी, आणि ओपा नियम मोडणाऱ्यांतले नाहीत. नातवासाठी आत खेळणं असलेली चॉकलेटची अंडी आणायची होती, तीही राहिली. खाण्याच्या वस्तूत न खाण्याची वस्तू कोंबायची नाही, असा 1938 चा अमेरिकी कायदा आहे, त्यामुळे ती अंडी इथे चालत नाहीत. ज्या राज्यात बंदूक सहज विकत मिळते तिथे चॉकलेटवर बंदी, हे ओपांनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

रविवार

ओमा मनगटावरचं घड्याळ जर्मनीच्या वेळेवर ठेवतात. आज सकाळी त्यांचा गोंधळ झाला. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे फरक सात तासांवरून सहावर येतो, आणि दरवर्षी या दिवसांत त्यांचा रविवारचा व्हिडिओ कॉल चुकतो. आज युरोपची घड्याळं सरकली आणि फरक पुन्हा सात झाला, पण ओमांचं घड्याळ कालच्याच वेळेवर. आम्हा भारतीयांचं घड्याळ स्थिर असतं, तरी आईला मात्र दर मार्चमध्ये समजावून सांगावं लागतं की मी उशिरा उठत नाही, इथली वेळच बदललीय.

साडेआठला शेजारच्या आवारात पानं उडवण्याचं यंत्र सुरू झालं. ओमा खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, गवत कापायचं नाही, भिंतीला ड्रिल लावायचं नाही. रविवारची ही विश्रांती तिथे 1919 च्या वायमार राज्यघटनेत लिहिली गेली आणि आजच्या राज्यघटनेने ते कलम जसंच्या तसं उचललं. ओमांना राज्यघटनेशी देणंघेणं नाही. त्यांचा प्रश्न साधा होता: या माणसाला शेजारी काही बोलत नाहीत का?

मग त्यांनी खिडक्या उघडायला घेतल्या. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदलायची, हे जर्मन घरात दात घासण्याइतकं ठरलेलं. इथे वरच्या मजल्यावरच्या खिडक्या बहुधा घर बांधल्यापासून कुणी उघडल्याच नव्हत्या. एक उघडली, दुसरी अडकली, तेवढ्यात एसीने हाय खाल्ली आणि त्यांच्या लेकीने खालून ओरडून सांगितलं, "आई, बंद कर!" ती जर्मनमध्ये ओरडली, पण मला कळलं.

दुपारी सगळे एच-ई-बीत. हे आमच्या टेक्सासचं लाडकं किराणा दुकान, 1905 मध्ये इथल्याच डोंगराळ भागातल्या कर्व्हिलला सुरू झालेलं. ओपा पावाच्या रांगेसमोर उभे राहून एकेक पाव बोटाने दाबून बघत होते. दाबला की पाव आत जाई आणि परत वर येई. मी म्हटलं, पुढे चला.

सोमवार

माझं काम घरूनच असतं. खिडकीतून दिसलं, ओपा सकाळी फिरायला निघाले. आमच्या वसाहतीत पदपथ आहे, पण तो कोपऱ्यावर एकाएकी संपतो. पुढे गाड्यांचा रस्ता. ओपा रस्त्याच्या कडेने चालत राहिले. तासाभरात दोन गाड्या थांबल्या, काकांना मदत हवी का म्हणून. कुत्रा नाही, धावायचे बूट नाहीत, नुसता चालतोय, म्हणजे नक्कीच गाडी बंद पडली असणार. माझ्या बाबांनाही हाच अनुभव आला होता, फक्त त्यांना एका बाईंनी घरापर्यंत आणून सोडलं आणि त्यांनी तिला चहाला बोलावलं.

मावशीला, म्हणजे शेजारणीला, आठवडाभराची सुट्टी मिळाली नाही. गुरुवार आणि शुक्रवार, बस. ओपांना हे पटेचना. जर्मनीत पाच दिवसांचा आठवडा करणाऱ्याला वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी रजा कायद्यानेच मिळते, प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून जास्त. अमेरिकेत केंद्राचा असा कायदाच नाही, कंपनी देईल ती रजा. आईवडील समुद्र ओलांडून येतात आणि लेक दुसऱ्या खोलीत हेडफोन लावून मीटिंगमध्ये, हे ओमांनी निमूट पाहिलं आणि तिच्या टेबलावर सफरचंद कापून ठेवलं. आई लोकांचं हे जगभर सारखं असावं.

संध्याकाळी गॅरेजमध्ये ओपांनी रिकाम्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. जर्मनीत प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. टेक्सासमध्ये अनामतच नाही. तसं सांगूनही त्यांनी मांडणी मोडली नाही.

मंगळवार

जावई ह्यूस्टनहून परतला आणि सगळ्यांना ब्रिस्केट खायला घेऊन गेला. रात्रभर ओकच्या धुरावर शिजलेलं मांस ओपांना मनापासून आवडलं. बर्फ न घातलेलं पाणी मागितल्यावर पुन्हा बर्फ घातलेलंच आलं, तेव्हा त्यांनी सोड्याची बाटली घेतली. बिल त्यांनी हट्टाने दिलं आणि टिप म्हणून दोन डॉलर ठेवले. बाहेर पडताना मावशी "पर्स विसरले" म्हणत परत गेली आणि वीस टक्क्यांचा हिशेब पुरा करून आली. ती पर्स दर वेळी विसरते म्हणे.

बुधवार

आज सगळे आमच्याकडे जेवायला. जर्मन घरात दुपारचं जेवण गरम आणि रात्री पाव, चीज, काकडी असं थंड असतं, त्यामुळे रात्री सात वाजता वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या, कोशिंबीर आणि श्रीखंड बघून ओमा बिचकल्या. चपला मात्र दारातच काढल्या. आमच्या आणि त्यांच्या घरात हा नियम एकच आणि दोन्ही घरांना त्याचा सारखाच अभिमान. बटाट्याची भाजी ओपांनी तीनदा घेतली. श्रीखंडाची चव घेऊन ओमांनी विचारलं, हे कशाचं? चक्का टांगून दाखवला. त्यांचे डोळे चमकले. त्यांच्या चीजकेकला क्वार्क लागतो, तो इथे धड मिळत नाही, आणि चक्का जवळजवळ तसाच. ईस्टरला करून बघू, असं ठरलं.

मुलांचं वेगळंच चाललेलं. मावशीचा मुलगा शनिवारी जर्मनच्या वर्गाला जातो, आमची लेक रविवारी मराठी शाळेत. दोघं आजीशी आपापल्या भाषेत दोन वाक्यं बोलतात आणि तिसरं इंग्रजीत. ओमा तरीही जर्मनमध्येच उत्तर देतात, आवाज न चढवता, कितीही वेळा.

जेवणानंतर मावशीने विषय काढला: ती अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज भरतेय. इतकी वर्षं भरला नव्हता, कारण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आधी खास परवानगी काढलेली नसेल तर जर्मन नागरिकत्व आपोआप जायचं. 27 जून 2024 पासून जर्मनीने हा नियम काढून टाकला. आता दोन्ही ठेवता येतात. आमच्याकडे तशी सोय नाही. मी अमेरिकी झाले तेव्हा भारतीय पासपोर्टवर रद्दचा शिक्का बसला आणि हातात ओसीआय कार्ड आलं. हवं तितकं या, राहा, पण मत नाही, शेतजमीन विकत घ्यायची नाही. नवऱ्याने अजून भारतीयच पासपोर्ट ठेवलाय, त्यावरून आमच्याकडे अधूनमधून वाजतं. ओपांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "छान, भर." मग पुढे काहीतरी बोलणार होते, ओमांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते श्रीखंडाकडे वळले.

गुरुवार

संध्याकाळी काँग्रेस अव्हेन्यूच्या पुलाखालून वटवाघळांचे थवे निघतात ते बघायला गेलो. हवा ढगाळ होती, थोडीच निघाली. ओमांनी मुलाच्या गळ्यात मफलर गुंडाळला. 24 अंश होतं.

शुक्रवार

आज गुड फ्रायडे, आणि आमची न्यू ब्राउनफेल्सची सहल. लेकीला घेऊन मीही त्यांच्या मोठ्या गाडीत. ऑस्टिनच्या दक्षिणेला महामार्गाने तासाभराचा रस्ता. ओमा-ओपा हेसन प्रांतातल्या वेट्झलारजवळचे, त्यांच्या गावापासून खऱ्या ब्राउनफेल्सचा किल्ला जवळच, लान नदीच्या खोऱ्यावर उंच टेकडीवर. त्यामुळे या नव्या ब्राउनफेल्सची त्यांना उत्सुकता कमी आणि शंका जास्त.

गावाची गोष्ट मला फार आवडते. 1842 मध्ये जर्मन सरदारांनी मंडळ काढलं, टेक्सासमध्ये वसाहत करायची म्हणून. त्याचा प्रमुख म्हणून आलेला राजपुत्र कार्ल झोल्म्स-ब्राउनफेल्स याने 1845 मध्ये, नेमक्या गुड फ्रायडेलाच, म्हणजे 21 मार्चला, पहिल्या गाड्या ग्वादालूपे नदी उतरवून इथे आणल्या. वाग्दत्त वधू सोफी हिच्यासाठी त्याने टेकडी निवडली, तिथे किल्ला बांधायचा, नाव झोफीनबुर्ग. सोफीने कळवलं की ती येणार नाही. मे महिन्यात राजपुत्र जर्मनीला परतला. किल्ला झालाच नाही. त्या टेकडीवर आता गावाचं संग्रहालय आहे.

मी ही गोष्ट गाडीत रंगवून सांगितली. ओमा म्हणाल्या, "शहाणी होती." मावशी स्टिअरिंग धरून गप्प.

राजपुत्र परत गेला, पण मागून येणारी माणसं येतच राहिली. ती किनाऱ्यावर उतरली आणि 1846 मध्ये मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं, बैलगाड्या सैन्याने भाड्याने घेतल्या, आणि कुटुंबंच्या कुटुंबं किनाऱ्यावरच्या पावसात, तंबूत अडकली, शेकडो माणसं रोगाने मेली. हे ऐकल्यावर गावातल्या लेदरहोजन (जर्मन चामडी चड्ड्या) घातलेल्या पुतळ्यांकडे बघून ओपांना हसू येईना. लांडा पार्कात कोमाल नदीचे झरे बघितले. ही नदी इथेच उगम पावते आणि चारेक किलोमीटरवर ग्वादालूपेला मिळून संपते. पाणी इतकं नितळ की मुलं बाहेर निघेनात. 1868 पासूनच्या बेकरीतून श्ट्रूडल घेतला आणि पश्चिमेला निघालो. दोन्ही कडेला निळ्या ब्लूबॉनेट फुलांची शेतं, आणि त्यात आपापली पोरं बसवून फोटो काढणारे टेक्सासकर. आम्हीही बसवली.

मुक्काम कम्फर्ट नावाच्या छोट्या गावात. ओपांना या सगळ्या फिरण्यात खरं भिडलं ते हे गाव. 1854 मध्ये वसवलं ते धर्मसंस्था न मानणाऱ्या मुक्त विचारांच्या जर्मनांनी. जवळजवळ चाळीस वर्षं गावात चर्चच नव्हतं. टेक्सास गुलामगिरीच्या बाजूने अमेरिकेच्या यादवी युद्धात उतरला तेव्हा इथल्या अनेकांनी संघराज्याशी निष्ठा सोडायला नकार दिला. 1862 च्या ऑगस्टमध्ये त्यांतले काही तरुण मेक्सिकोकडे निघाले असताना नुएसेस नदीकाठी फुटून निघालेल्या राज्यांच्या सैन्याने त्यांना पहाटे गाठलं. जखमी होऊन पकडलेल्यांनाही मारलं. प्रेतं तिथेच पडून राहिली. युद्ध संपल्यावर, 1865 मध्ये, गावकऱ्यांनी जाऊन हाडं गोळा केली, इथे आणून पुरली, आणि पुढच्या वर्षी त्यावर चुनखडीचा साधा स्तंभ उभारला. त्यावर जर्मनमध्ये कोरलंय: संघराज्याशी निष्ठा. बाजूला मेलेल्यांची नावं. वर 36 तारे असलेला तेव्हाचा झेंडा फडकतो.

ओपांनी सगळी नावं वाचली, एकेक करून, बोट ठेवून. कोण कुठून आला असेल त्याचा आडनावावरून अंदाज बांधत. मग स्तंभाकडे पाठ करून त्यांनी लेकीला सांगितलं की ते घर विकायचं ठरवतायत. जिने झेपत नाहीत, बाग झेपत नाही, वेट्झलारमध्ये लिफ्ट असलेला दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवलाय. तिची माळ्यावरची खोली उपसायची आहे, तिने काय ठेवायचं ते सांगावं.

मी मुलांना घेऊन झाडाखाली गेले. लांबून दिसत होतं, मावशी रडत होती आणि ओमा तिला काही न म्हणता रुमालाची घडी उलगडत होत्या. रविवारच्या कॉलवर हे सांगता आलं नसतं असं नाही. पण ते सांगायला माणसं अकरा तास विमानात बसून आली होती, बटाटे लावायच्या आत.

शनिवार

कम्फर्टहून फ्रेडरिक्सबर्ग अर्ध्या तासावर. 1846 मध्ये वसलेलं, आता पर्यटकांनी फुललेलं. राजपुत्राच्या जागी आलेल्या मॉयसेबाखने हे वसवलं. तो सरदार घराण्यातला, पण टेक्सासला येताना नावामागची पदवी टाकून साधा जॉन झाला. त्याने 1847 मध्ये इथल्या मूळ रहिवाशांपैकी कोमान्चे टोळ्यांशी तह केला आणि तो पाळला गेला, असं इथे आजही अभिमानाने सांगतात. मुख्य रस्ता बैलगाड्या वळवता याव्यात म्हणून रुंद ठेवलाय. त्याला छेदणाऱ्या रस्त्यांच्या नावांची पहिली अक्षरं एका बाजूला जोडत गेलं की 'ऑल वेलकम' होतं, दुसऱ्या बाजूला 'कम बॅक'. मुलांनी ते जोडून दाखवलं. सॉसेज, बिअर, कोंबड्याच्या पिसांच्या टोप्या, सगळं भरपूर. ओपांना हे म्हणजे बव्हेरियाची जत्रा वाटली. "आमच्याकडे असं कुणी घालत नाही," हे त्यांनी प्रत्येक दुकानात एकदा सांगितलं. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी ॲडमिरल निमित्झ इथला, त्याच्या नावाशी जोडलेलं युद्धसंग्रहालय मोठं आहे, आम्ही बाहेरूनच बघितलं.

मला बघायची होती ती रविवारची घरं. लांबच्या शेतकऱ्यांनी गावात बांधलेली एका-दोन खोल्यांची घरटी: शनिवारी बाजार, रविवारी चर्च, मग शेतावर परत. म्हातारपणी शेत मुलांकडे सोपवून बरेच जण याच छोट्या घरात राहायला यायचे. ओमा एका घरात शिरून खिडकीची उंची बघत होत्या. "पलंग कुठे ठेवत असतील?" त्यांनी विचारलं. वेट्झलारच्या फ्लॅटचा विचार चाललाय हे सगळ्यांना कळलं, आणि मावशीने पहिल्यांदाच विचारलं की तिकडे बाल्कनी आहे का.

पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) विकणारे एक ऐंशीच्या पुढचे गृहस्थ ओपांशी जर्मनमध्ये बोलायला लागले. जर्मनीला कधी गेलेच नाहीत. शाळेत जाईपर्यंत घरात हीच भाषा. पहिल्या महायुद्धात जर्मनविरोधी लाट आली आणि 1918 मध्ये टेक्सासने शाळांत इंग्रजी सक्तीची केली, त्यानंतर ही बोली हळूहळू म्हाताऱ्यांपुरती उरली. 2001 पासून ऑस्टिनच्या विद्यापीठातले अभ्यासक ती ध्वनिमुद्रित करतायत. ओपांना जवळजवळ सगळं समजलं. बोलणं त्यांच्या आजीसारखं वाटलं, म्हणाले, मधेच ट्रकला ट्रक म्हणणारी आजी. गृहस्थांच्या मुलांना ही भाषा येत नाही. ओपांनी दोन किलो पेकन घेतले, गरज नसताना.

रात्री घरी येऊन मी चक्का टांगला.

रविवार

ईस्टर. ओमांनी फुंकून रिकामी केलेली, रंगवलेली अंडी फांद्यांना टांगली, मुलांनी अंगणात चॉकलेटची शोधली (खेळणं नसलेली). चक्क्याचा केक जमला. ओमांच्या मते किंचित आंबट, माझ्या मते उत्तम, ओपांनी मत न देता दोन तुकडे खाल्ले. चार वाजता, म्हणजे कॉफी-केकच्या ठरल्या वेळी, मावशीने कागद घेऊन यादी केली: माळ्यावरच्या खोलीतून काय पाठवायचं. पुस्तकांची एक पेटी, बासरी, बर्फावरून घसरायची लाकडी स्लेज. स्लेज टेक्सासला कशाला, असं जावई म्हणाला आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो ग्रिल पेटवायला बाहेर गेला.

सोमवार

जर्मनीत आज ईस्टर मंडेची सुट्टी. इथे सगळे कामावर. पेकनमुळे बॅग 23 किलोच्या वर गेली, ओपांनी कोटाच्या खिशात पिशव्या भरल्या. विमानतळावर ओमांनी मला बजावलं की नाताळला मावशीबरोबर आम्हीही यायचं. घर पुढच्या वसंतात विकणार, तोपर्यंत खोल्या आहेत. लेकीचा आणि माझा पासपोर्ट अमेरिकी, आम्हाला प्रश्न नाही. नवऱ्याला शेंगेन व्हिसा लागणार. रात्री त्याने अर्ज उघडला. निमंत्रकाच्या रकान्यात काय भरायचं ते ओपांनी जाण्याआधीच एका कार्डावर लिहून दिलंय, ठळक छापील अक्षरांत, पिनकोडसकट. पत्ता जुन्या घराचाच. मुलाखतीची तारीख मात्र अजून मिळत नाहीये.